सर्व्हर बदलताना जुने लेखन मागेच राहते, हे योग्य आहे काय?

अंत्रुजकर (धागाकर्ता)
गोव्याच्या फोंडा महालातील जत्रांमध्ये होणाऱ्या नाटकांविषयी लिहिणारे आम्ही काही जण मास्टोडनच्या, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमाच्या, एका लहान सर्व्हरवर आहोत. पावसाळा सरला की तो बंद होणार, असे चालकांनी कळवले आहे. त्यांनी तो पदरमोड करून चालवला, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार नाही. माझा आक्षेप मास्टोडनच्या रचनेवर आहे.

परवा एका सहकाऱ्याचे खाते हलवताना मी शेजारी बसून पाहिले. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता उपनाव म्हणून नोंदवला, मग जुन्या खात्यात नव्याचा पत्ता आणि पासवर्ड दिला. त्यानंतर जुना सर्व्हर फॉलोअरांच्या सर्व्हरना संदेश पाठवतो, ते दोन्ही खात्यांची नोंद पडताळतात आणि फॉलोअरांना नव्या खात्याकडे वळवतात. 2019 मधील 3.0 या आवृत्तीपासूनची ही सोय खरोखर चांगली आहे. इकडचा आकडा उतरत गेला, तिकडचा चढत गेला. ज्यांचे सर्व्हर बंद पडलेले होते किंवा हा संदेश मानत नव्हते, असे थोडे फॉलोअर जुन्या खात्यालाच चिकटून राहिले. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादीही फाइल उतरवून नव्या जागी चढवता आली. पोस्टींच्या रकान्यात मात्र शून्य! जुन्या नटांच्या आठवणी, प्रयोगांची टिपणे आणि त्यांखाली जाणकारांनी केलेल्या दुरुस्त्या मागेच राहिल्या. लेखनाची प्रत संगणकावर उतरवून घेता येते, पण नव्या खात्यात ती भरता येत नाही. माणसाला जाऊ द्यायचे आणि त्याचे लिखाण अडवून ठेवायचे, ही विकेंद्रित व्यवस्था मला अर्धवट वाटते.

मांडवीकाठ
मी असहमत आहे. अडवून कोणी ठेवलेले नाही. मास्टोडन ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब प्रणालीवर चालते, तिच्यात प्रत्येक पोस्टची ओळख म्हणजे तिचा मूळ सर्व्हरवरील पत्ता. इतर सर्व्हरवरच्या प्रती, उत्तरे, पसंत्या हे सारे त्या पत्त्याला बांधलेले असते. तोच मजकूर दुसऱ्या सर्व्हरवर ठेवला की ती नवी पोस्ट होते. जुन्या दुरुस्त्या तिच्याखाली येणार नाहीत, आणि तिच्यावरची जुनी तारीख खरी आहे याची खातरजमा इतर सर्व्हरनी कशी करावी? उद्या कोणीही मागची तारीख घालून आपण हे आधीच सांगितले होते असे दाखवील.

शिवाय नव्या चालकाचाही विचार व्हावा. ज्या मजकुरावर त्याने कधी देखरेख केलेली नाही, तो हजारो पोस्टींच्या गठ्ठ्याने त्याच्या दारात येणार आणि तक्रारींना उत्तर त्याने द्यायचे. दुरुस्त्या करणाऱ्यांनी तरी आपले शब्द अन्यत्र नेण्यास संमती कुठे दिली आहे?

साष्टीकर
अंत्रुजकरबाब, 1560 मध्ये मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळला नेले, तेव्हा भाविक मागोमाग गेले, देवस्थानाची जागा मागे राहिली आणि तरीही परंपरा तुटली नाही. माणसे आली की पुरे. लेखन पुन्हा होईल.

अंत्रुजकर
तेथे देवाचे नाव तेच राहिले, साष्टीकरबाब. येथे सर्व्हर बदलला की पत्त्याचा उत्तरार्ध बदलतो, आणि छापील पत्रिकेत किंवा एखाद्या लेखात दिलेला दुवा सर्व्हर बंद होताच निरुपयोगी ठरतो. ज्या नटांच्या आठवणी आम्ही टिपल्या त्यांतील काही आज हयात नाहीत. ते लेखन पुन्हा कसे व्हावे?

पेडण्याची लेक
मांडवीकाठ यांनी सांगितलेली अडचण खरी असली, तरी ती अ‍ॅक्टिव्हिटीपबची आहे, तंत्रज्ञानाची अटळ मर्यादा नव्हे. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाच्या प्रणालीत खात्याला सर्व्हरपासून स्वतंत्र असा कायमचा ओळखक्रमांक असतो, पोस्टी डिजिटल सही केलेल्या संग्रहात राहतात आणि हा संग्रह दुसऱ्या सर्व्हरवर नेला तरी दुवे व उत्तरे शाबूत राहतात. संग्रहाची प्रत आणि पुनर्प्राप्तीची किल्ली स्वतःजवळ ठेवली असेल, तर जुना सर्व्हर अडून बसला तरी निघता येते. चित्रांची प्रत मात्र वेगळी ठेवावी लागते, आणि हे पुष्कळांना वेळ निघून गेल्यावर कळते.

कायद्याकडून फार अपेक्षा नको. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यातील अनुच्छेद 20 आपला डेटा अन्यत्र नेण्याचा हक्क देतो; आपल्याकडे डेटा संरक्षणाच्या 2019 च्या विधेयकात असा हक्क होता, 2023 च्या कायद्यात तो उरला नाही.

मांडवीकाठ
ब्लूस्कायचे बहुतेक ओळखक्रमांक ज्या निर्देशिकेत नोंदलेले असतात ती त्याच कंपनीने उभारली आहे, हेही सांगायला हवे होते. सर्व्हर अनेक आणि नोंदवही एक, याला मी विकेंद्रीकरण म्हणणार नाही.

अंत्रुजकर यांच्या प्रश्नाला मास्टोडनमध्येच उत्तर आहे, ते कोणी सुचवले नाही याचे आश्चर्य वाटते. खाती हलवू नका, सर्व्हर हलवा. चालकांकडून डोमेन (सर्व्हरचे इंटरनेटवरील नाव), डेटाबेस आणि चित्रांच्या फाइली घेऊन त्या दुसऱ्या यंत्रावर उभ्या केल्या, तर पत्ते तेच राहतात, म्हणून पोस्टी, उत्तरे, फॉलोअर सारे जागेवर राहते. खरी मालमत्ता डोमेन आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या दळणवळण मंत्रालयाने क्विअर डॉट एएफ या मास्टोडन सर्व्हरचे डोमेन काढून घेतले; 'एएफ' हा अफगाणिस्तानचा प्रत्यय. यंत्र आणि डेटा शाबूत असूनही पत्ता गेल्यामुळे जुन्या खात्यांतून स्थलांतराचा संदेश पाठवण्याचा मार्गच खुंटला.

पेडण्याची लेक
हे सोपे वाटते तितके नाही. मास्टोडनवरील खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. डेटाबेस ज्याच्या हाती, त्याला ते वाचता येतात. मी विश्वास टाकला तो जुन्या चालकांवर. उद्या माझे संदेश तिसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

अंत्रुजकर
आक्षेप रास्त आहे, तरीही मला हाच मार्ग अधिक पटतो. हस्तांतराची तारीख आधी जाहीर करावी, ज्यांना ते नको असेल त्यांनी त्यापूर्वी खाते हलवून जुने पुसून टाकावे, आणि चालकांनी सर्व्हर लगेच बंद न करता निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी. मास्टोडनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरवर तेवढी पूर्वसूचना देण्याचे बंधन आहेच. चालकांना मी तसे लिहितो.

साष्टीकर
लिहाच. पण डोमेन घेणार कोणाच्या नावावर? एका व्यक्तीच्या नावावर घेतले, तर त्याचे नूतनीकरण राहून जाण्याची भीती कायम. आमच्याकडच्या नाट्यमंडळांपैकी एखादे नोंदणीकृत असेल, तर त्याच्या नावावर घ्या आणि वार्षिक खर्च त्याच्या हिशेबात घाला.

मांडवीकाठ
मंडळाच्या नावावर घेण्यास माझी हरकत नाही, मात्र देखरेखीचे अधिकार मंडळाच्या कार्यकारिणीकडे जाऊ नयेत. कार्यकारिणीवर टीका करणारी पोस्ट कोणी काढायची आणि कोणी ठेवायची, हे हस्तांतरापूर्वी कागदावर आले पाहिजे.