साडेचारशेचा तांब्या एकोणीसशेला!

तांबडापांढरा:
परवा इथंच एकानं मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात फिरकीचा तांब्या 450 ला उचलला, पितांबरीनं घासला आणि इन्स्टावर बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला 1,900 ला विकला. खाली सगळे 'नाद खुळा' करतायत. मी फोटो मोठा करून बघितला. तळाला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, 'मामाकडून, 1964'. कुणाच्या तरी आईच्या लग्नातला आहेर तो. आणि वर मथळा काय, तर 'अँटिक बोहो फ्लॉवर वास'! अरे, प्रवासात पाणी न्यायचा तांब्या तो, फुलं कसली खोचतोस? अँटिक म्हणायला 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं लागतात. खरंच तेवढा जुना असता तर परवान्याशिवाय धंदा करता आला नसता. आणि गोणपाटावर उन्हात बसलेल्या म्हातारीला 500 चे 450 करायला लावलेस, हे तूच हौसेनं लिहिलंयस. लाज वाटू दे जरा.

पेठेतला फिरस्ता:
तो मीच. म्हातारीनं भंगारातनं किलोवर आणलेला. मी घेतला नसता तर मुशीत गेला असता, तुझ्या मामासकट. फिरकी घट्ट बसलेली, दोन दिवस खोबरेल सोडून ठेवलं तेव्हा फिरली. कुरिअर, खोकं, वर पाचातली एक वस्तू पोचा पडून परत येते. ते कोण देतंय, तू?

रंकाळा_रिटर्न्स:
2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा हाच फिरस्ता इथं सगळ्यात जास्त बोंबलत होता. चपलेला मिळालेलं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, 2019, सगळं तोंडपाठ. आता तांब्याचा 'फ्लॉवर वास' केलास तेव्हा? प्राडानं नंतर कबूल तरी केलं.

जुनं ते सोनं:
तुमचं चालू द्या. पण ही भांडी बाजारात येतात कशी? सुनांना स्टील पाहिजे, नॉनस्टिक पाहिजे. आमचा तांब्याचा बंब आणि दोन घंगाळी मी ड्यूटीवरनं येईपर्यंत मोडीत गेली होती. विचारलंसुद्धा नाही.

उंबऱ्याआतली:
आला का सुनांवर! बंब चिंच लावून कोण घासत होतं, तुम्ही? पहाटे पाचला ढलप्या घालून फुंकणी कोण मारत होतं? गिझर आला त्या दिवशी माझी आई सात वाजेपर्यंत झोपली. जन्मात पहिल्यांदा. आणि पितळेला कल्हई करणारा गल्लीत शेवटचा कधी बघितलात? बिनकल्हईच्या पातेल्यात आमटी करून बघा एकदा, कळकली की मग या सुनांवर बोलायला.

जुनं ते सोनं:
वापरा कोण म्हणतंय? माळ्यावर ठेवायचा होता नुसता.

उंबऱ्याआतली:
2019 च्या पुरात आमच्या माळ्यावर पाच माणसं बसली होती. बंब ठेवायचा का माणसं, तेवढं सांगा.

जुनं ते सोनं:
प्रत्येक गोष्टीत पूर आणायची गरज नाही.

उंबऱ्याआतली:
आम्ही नाही आणला, आपोआप आला.

तांबडापांढरा:
अरे, विषय काय, चाललाय कुठं! फिरस्ता, उत्तर दे.

पेठेतला फिरस्ता:
दिलं की. बरं, 'अँटिक' काढतो, 'वास'पण काढतो. 'फिरकीचा तांब्या, 1964, मामाकडून' असं लिहितो. पुढच्या वेळी याच मथळ्यावर 2,500 येतील बघ, तुझ्या कृपेनं.

तांबडापांढरा:
म्हातारीचे 50 दे आधी.

पेठेतला फिरस्ता:
रविवारी देतो. फोटो टाकू का पुरावा म्हणून?

जुनं ते सोनं:
फिरस्ता, तांब्याचा बंब कुठं दिसला तर सांग. तोटी गळकी असली तरी चालेल. कितीला देशील?

पेठेतला फिरस्ता:
सहा हजार. घासून पाहिजे असेल तर आठ.