मदत हवी आहे : 'स्कूगस्रो'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. स्वीडनच्या लोककथा मुलांसाठी मराठीत आणतेय आणि एका शब्दावर अडलेय. तिकडच्या जंगलात 'स्कूगस्रो' असते. समोरून विलक्षण देखणी, पण पाठ कुजलेल्या झाडाच्या खोडासारखी पोकळ. नॉर्वेतली तिची बहीण 'हुल्द्रा', तिला गाईचं शेपूट. कोळसा पाडणाऱ्यांना आणि शिकाऱ्यांना ती भुलवते. पण ती नुसती वाईट नाही, आणि मला नेमकं हेच जपायचंय. मर्जी बसली तर बंदुकीच्या नळीत फुंकर घालून नेम अचूक करते, कोळशाची भट्टी भडकली तर झोपलेल्या माणसाला उठवते. लोकांचा विश्वास इतका गाढ, की १६९१ साली तिच्याशी संग केल्याबद्दल एका तरुणाला न्यायालयाने देहदंड सुनावला!

'वनदेवी' म्हटलं तर मोह जातो, 'हडळ' म्हटलं तर माया. तरी पोकळ पाठीमुळे मन हडळीकडेच ओढतं. आपल्याकडेही हडळ पुढून भरलेली नि मागून नुसता सापळा असं सांगतात ना? तुमच्या गावी असं कुणी सांगायचं का? कोकण, मावळ, विदर्भ, कुठलंही चालेल. रानातल्या अशा बाईला तिथे काय म्हणतात, तेवढं कृपया कळवा.