'विकला', 'विकून टाकला' की 'विकून बसले'?

नऊ वर्षं चालवलेला सायकल-दुरुस्तीवरचा ब्लॉग मागच्या महिन्यात विकला. डोमेन, सगळे लेख, फोटो, वाचकांच्या ईमेलची यादी, सगळंच गेलं. व्यवहार सरळ झाला, पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्या तिऱ्हाइताकडे ठेवलेले होते, ते डोमेन पलीकडे पोचल्यावर मिळाले, घेणारी माणसंही नीट आहेत, त्यामुळे तक्रार काहीच नाही. अडलंय ते क्रियापदापाशी. कुणी विचारलं की दर वेळी माझ्या तोंडून वेगळंच वाक्य येतं, आणि प्रत्येक वेळी वाटतं की हे खरं नाही बोलले मी.

'विकून टाकला' म्हटलं तर समोरच्याला वाटतं कटकट होती, गेली एकदाची. 'टाकणे' लागलं की काम पुरं झालं हे तर कळतंच (सांगून टाकलं, देऊन टाकलं), पण हात झटकल्याचा भावही येतो, आणि मी काही हात झटकले नाहीत, शेवटच्या रात्रीपर्यंत जुन्या लेखांमधल्या तुटलेल्या लिंका दुरुस्त करत होते. 'विकून बसले' म्हटलं तर पस्तावा होतो. विसरून बसणं, हरवून बसणं यातलं ते 'बसणं'. पस्तावा नाहीये हो, खरंच नाही. 'विकावा लागला' खोटं, कुणी भाग पाडलं नव्हतं. 'विकून मोकळी झाले' हे अर्धं खरं, कारण रविवारी संध्याकाळी आता काही लिहायचं नसतं, पण त्या मोकळेपणाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. आणि नुसतं 'विकला' म्हणजे जुनं कपाट विकल्यासारखं वाटतं.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद

नेमका शब्द माहीत नाही पण 'विकणे'बद्दल थोडं. संस्कृतात 'क्री' म्हणजे विकत घेणे, त्याला 'वि' लागला की 'विक्री', म्हणजे विकणे. मूळ धातू घेण्याचा, उपसर्गानं तो देण्याचा झाला. मराठीत उलटंच झालंय, आपल्याकडे 'विकणे' हेच मूळ धरून घेण्याला आपण 'विकत घेणे' म्हणतो, दुसरा पर्याय 'खरेदी', तो फारसीतून आलेला. तुम्ही 'विकत दिला' म्हणून बघा. जुन्या वळणाचं वाटेल, पण त्यात 'दिला' आहे. मला तरी 'विकला'पेक्षा ते मऊ वाटतं.

प्रतिसाद

कागदोपत्री शब्द 'हस्तांतर'. यातलं 'अंतर' म्हणजे दुसरा, भाषांतर, देशांतर, रूपांतरमधलं तेच, म्हणजे दुसऱ्याच्या हाती जाणं. पण तो करारातच शोभतो, बोलताना 'मी ब्लॉगचं हस्तांतर केलं' म्हणालात तर ऐकणारा गप्प बसेल. त्यापेक्षा 'स्वाधीन केला' बघा. मला हा शब्द फार आवडतो कारण त्यात एक गंमत आहे, स्व + अधीन म्हणजे स्वतःच्या ताब्यातलं, आणि आपण तो वापरतो दुसऱ्याला देताना! 'त्यांच्या स्वाधीन केला.' यातला 'स्व' घेणाऱ्याचा असतो. जी वस्तू आजवर तुमची होती ती आता त्यांची 'स्वतःची' झाली, हे त्या शब्दातच आहे.

मूळ लेखिका

'स्वाधीन'बद्दल असा विचार कधी केलाच नव्हता. वाचून पोटात हललं थोडं, कारण नेमकं तेच अवघड जातंय. परवा सवयीनं साइट उघडली तर माझा 'साखळी सारखी का उतरते' हा लेख समोर आला, त्यात मधे दोन परिच्छेद नवे होते आणि बरे होते, मी लिहिले असते त्यापेक्षा नीट. आणि शेवटी माझं वाक्य तसंच ठेवलंय त्यांनी, 'आधी दात मोजा, मग साखळीला दोष द्या.' एकाच पानावर माझं आणि त्यांचं. आता हा लेख कुणाचा म्हणायचा?

प्रतिसाद

इथे क्रियापद सोडा आणि विशेषणाकडे या, असं सुचवेन. 'माझा ब्लॉग' यातला 'माझा' मालकीचा, तो व्यवहारासोबत जातो. पण 'मी लिहिलेला', 'मी सुरू केलेला' ही धातुसाधितं मालकी सांगतच नाहीत, काम कुणी केलं तेवढंच सांगतात, आणि झालेलं काम कुणाला विकता येत नाही. कायद्यातही हा भेद आहे. बर्न करारात, म्हणजे लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, 1928 साली रोमच्या दुरुस्तीत 6 बिस हे कलम आलं, त्यानुसार आर्थिक हक्क दुसऱ्याला दिल्यावरही 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतो. यालाच नैतिक हक्क म्हणतात. देशोदेशी त्याची अंमलबजावणी वेगवेगळी आहे आणि काही ठिकाणी तो करारात सोडूनही देता येतो, त्यामुळे तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघा, पण मराठीनं 'माझा' आणि 'मी केलेला' हे वेगळे ठेवलेत ते तुमच्या कामी येतील.

प्रतिसाद

अवांतर होईल पण राहवत नाही. 'ब्लॉग'मधला 'लॉग' जहाजावरच्या नोंदवहीचा. जहाजाचा वेग मोजायला लाकडाचा ओंडका दोरी बांधून पाण्यात सोडायचे, त्यावरून वहीचं नाव पडलं. 1997 मध्ये जॉर्न बार्गर यांनी 'वेबलॉग' शब्द वापरला आणि 1999 मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो 'वी ब्लॉग' असा तोडला, तिथून नुसतं 'ब्लॉग' उरलं. आपल्याकडे 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' दोन्ही करून झाले, मला 'जालनिशी' जवळचा, रोजनिशीची आठवण येते म्हणून. नऊ वर्षांची रोजनिशी दुसऱ्याला देताना सोपं कसं वाटेल?

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एका जुन्या वाचकाचा मेल आला, 'तुमच्या ब्लॉगवर ब्रेकची केबल बदलायचं वाचलं, जमलं.' आधी उत्तरात लिहिलं की ब्लॉग आता माझा नाही. मग ते खोडून लिहिलं, 'तो लेख मी लिहिलेला आहे, ब्लॉग आता दुसऱ्यांच्या स्वाधीन केलाय. केबलचं टोक झाकलंत ना? नाहीतर धागे सुटतात.'