मदत हवी आहे: लिव्हर रायफलवर लाँग आय रिलीफ स्कोप

जावळीकर५६: वडिलांची लिव्हरची (खालची दांडी ओढून गोळी भरायची) रायफल परवान्यासह माझ्या नावावर झाली. नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी दिसते, पण मागची खाच धूसर. म्हणून लाँग आय रिलीफ स्कोप, म्हणजे डोळ्यापासून लांब ठेवून बघायची दुर्बीण, मागवला. तो बसवायला बेस कुठला घेऊ? रविवारी रेंजवर जायचंय, लवकर सांगा.

हळदपेठ: रायफल कुठली? नुसतं 'लिव्हरची' म्हणजे 'चार चाकांची' म्हटल्यासारखं झालं.

पाटणचा शेतकरी: डुकरांसाठी असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. आमचा भुईमूग यंदा पार उकरून टाकला.

जावळीकर५६: डुकरांचं नाव कुणी काढलं? विंचेस्टर ९४ आहे, .३०-३० काडतुसाची.

मिरजेचा मिस्त्री: झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी वर उडते की उजवीकडे?

जावळीकर५६: वर. कधीकधी टोपीवर पडते.

मिरजेचा मिस्त्री: म्हणजे जुनी. पुंगळी तिरकी काढायला कंपनीनं १९८०च्या दशकात सुरुवात केली. तुमच्या रिसीव्हरच्या (बॅरलमागच्या, यंत्र असलेल्या भागाच्या) डोक्यावर स्कोप बसवलात तर पुंगळी त्यावरच आदळणार. तो पुढे, बॅरलवर जायला हवा. मागची खाच काढून तिच्याच खोबणीत बसणारे बेस असतात. नवीन भोकं पाडू नका. १९६४ आधीची, संग्राहकांच्या मोलाची निघाली तर हळहळत बसाल.

कोरेगावचे आप्पा: स्कोपचं खूळ सोडा. पीप साइट लावा, भोकाची चकती. बारीक भोकातून माशी स्वच्छ दिसते. मी ६३ वर्षांचा आहे.

मिरजेचा मिस्त्री: आप्पा, प्रत्येक धाग्यावर तुमची चकती! त्यांनी स्कोप घेतलाय.

कोरेगावचे आप्पा: घेतला म्हणून बसवलाच पाहिजे का? एवढी सुटसुटीत रायफल, तिच्यावर खोगीर कशाला?

एअरगनवाला: माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीनं साधा स्कोप सहा महिन्यांत खिळखिळा केला. सांभाळून.

हळदपेठ: आता एअरगन कुठून आली? जावळीकर, स्कोपवरचे आकडे सांगा.

जावळीकर५६: ३-९×४०, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४० मिमी. खोक्यावर 'लाँग आय रिलीफ' छापलंय.

मिरजेचा मिस्त्री: इथेच मेख आहे. रायफलीला न लावता, स्कोप नुसता हातात घेऊन उजेडातल्या भिंतीकडे धरा. चित्र पूर्ण गोल दिसेल तिथे थांबा आणि डोळ्यापासून भिंगापर्यंतचं अंतर घरच्यांना पट्टीनं मोजायला सांगा.

जावळीकर५६: पावणेचार इंच.

मिरजेचा मिस्त्री: मग तो साधाच स्कोप. बॅरलवर ठेवायला ९-१० इंचांचा लागतो, त्याला स्काउट म्हणतात. पॉवर कमी, २ ते २.७५. तुमचा तिथे ठेवलात तर मधे नाण्याएवढं चित्र आणि भोवती अंधार.

जावळीकर५६: खोकं फाडलंय हो. दुकानदार परत घेईल?

पाटणचा शेतकरी: निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा केली तर पावतीवर स्कोप वेगळा लिहून घेतात का?

जावळीकर५६: आप्पा, ती चकती ९४ला बसते कुठे?

कोरेगावचे आप्पा: रिसीव्हरच्या डाव्या अंगाला, मागे. काही जुन्या रायफलींना तिथे कारखान्यातूनच दोन भोकं असतात, स्क्रूनं बुजवलेली. बघा.

जावळीकर५६: आहेत की दोन स्क्रू! मला आजवर ते शोभेचे वाटायचे.