कुलरच्या वाऱ्याने मान धरते का?

शिलाईवाली, अकोला
परवा सकाळी उठले तर मान डावीकडे वळेचना. कुणी हाक मारली की खांद्यासकट अख्खी वळतेय. सासूबाईंचा निकाल तयारच होता, "कुलरचा झोत मानेवर घेऊन झोपतेस, दुसरं काय होणार!" आता मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास, कुलर बंद केला तर झोप कसली? तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेकतेय. शेजारच्या काकू म्हणतात, गल्लीतल्या पायाळू पोराचा पाय लावून घे. पोरगं सहावीत आहे, एका पायावर तयार आहे. मीच नाही! पण खरंच वाऱ्याने मान धरते का? कुलर हलवायचा तर दुसऱ्या खिडकीचं ग्रील कापावं लागेल, म्हणून विचारतेय.

रातराणी
शंभर टक्के धरते. एसटीत खिडकीजवळ रात्र काढली की उतरताना माझी मान लाकूड झालेली असते.

फिजिओ_ताई
रातराणी, त्या रात्रभर तुमची मान कुठे असते? काचेला टेकलेली आणि दर खड्ड्याला हेलकावे खाणारी. मग एकट्या वाऱ्यावर कशाला नाव घेता?
मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत एक स्नायू जातो. मान तासन् तास वाकडी राहिली की बहुतेक वेळा तोच आखडतो. गार झोताने आपण झोपेत खांदे आवळून घेत असू, इतपत मी मानेन. पण नुसत्या वाऱ्याने मान धरते याला भक्कम पुरावा नाही.
शिलाईवाली, त्या रात्री झोपलात कुठे? उशी कुठली?

शिलाईवाली, अकोला
अं... लग्नसराई आहे. रात्री एकपर्यंत ब्लाउजांना हूक लावत बसले होते, मान खाली घालून. मग तिथेच दिवाणावर लोडावर डोकं टेकलं, ते सकाळीच उठले.

फिजिओ_ताई
लोडावर! बाई, सापडला की चोर. शेक चालू ठेवा, दुखणार नाही इतपत मान हळूहळू फिरवा. पट्टा बांधून बसू नका, कुणाकडून कडकन मोडूनही घेऊ नका. बहुधा आठवड्याच्या आत सुटेल. हाताला मुंग्या आल्या, हातातला जोर गेला, किंवा ताप, उलट्या आणि जबर डोकेदुखी असली तर मात्र शेकत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

काढेवाला
आयुर्वेदात याला मन्यास्तंभ म्हणतात, वातविकारांतला. पण तो वात शरीरातला, खिडकीतून येणारा नव्हे. सुश्रुतसंहितेत त्याची कारणं दिलीत ती दिवसा झोपणं, मान वेडीवाकडी ठेवणं, सतत वर बघत राहणं. झोताचा उल्लेख तिथे नाही.

शिलाईवाली, अकोला
आज निम्मी वळतेय. ग्रील वाचलं. लोड आतल्या खोलीत नेऊन ठेवलाय, पण का ते सासूबाईंना सांगितलेलं नाही. तो त्यांच्या माहेरचा आहे.