एका दिवसाचा ट्रेक : सॅकमध्ये काय होतं, काय राहिलं?

पाऊस ओसरला की ग्रुपवर 'रविवारी कुठे?' सुरू होतं. आणि सॅक भरताना जो तो एकच वाक्य म्हणतो, 'एका दिवसाचं तर आहे.' या वाक्याने ज्यांची जिरवली त्यांनी इथे लिहा. याद्या नकोत, त्या चिक्कार आहेत. तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगा. सुरुवात मी करतो.

राजगड, नोव्हेंबर, आम्ही चौघे. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने वर. बालेकिल्ला, संजीवनी माची, सगळं झालं. मग पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी आणि गप्पांत रमलो ते साडेपाचला उठलो. रेलिंगचा टप्पा उजेडात उतरलो, पण खालच्या झाडीत शिरलो तर मिट्ट काळोख. तीन मोबाईल फोटो काढून काढून मेलेले, चौथ्यावर ११ टक्के. उजेड पुढे धरला की मागचे तिघे आंधळे. शेवटी एकाने चार पावलं उतरायचं, वळायचं, मागच्यांच्या पायांवर उजेड पाडायचा, मग पुढची चार. एरवी दीड तासाची वाट, साडेतीन तास लागले.

तेव्हापासून अडीचशे रुपयांचा हेडलॅम्प सॅकच्या वरच्या कप्प्यात. एक सेल उलटा घालून ठेवतो, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन तो आपोआप पेटत नाही. (हे शहाणपणही एकदा सेल संपल्यावरच आलं.)

*

माझं प्रकरण बुटांचं. महागातले बूट, चार वर्षं माळ्यावर खोक्यात. पाचनईहून हरिश्चंद्रगडाला निघालो आणि मंदिराच्या अलीकडेच उजव्या बुटाने जीभ बाहेर काढली. कोकणकड्यावर पोचेस्तोवर डावाही सुटला. दुकानदाराने नंतर सांगितलं, तळव्यातला फोमचा थर दमट हवेने आतून विरतो, आणि बूट नुसते ठेवून दिले म्हणून तो टिकत नाही.

वाचवलं कुणी, तर मित्राच्या आईने धपाट्यांच्या डब्याला बांधलेल्या सुतळीने. पुढे चवड्याखालून बांधली तर दगडाला घासून दहा मिनिटांत तुटली. मग टाचेच्या पुढे जी पोकळी असते तिथून घेऊन वर घोट्याला दोन वेढे दिले, ती टिकली. आता चार मीटर नायलॉनची दोरी कायम असते, आणि पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी, ती जाड कापडी. ट्रेकच्या आठवडाभर आधी बूट घालून सोसायटीचे जिने चढउतार करतो. शेजारी बघतात, बघू देत.

*

कळसूबाई, ऑगस्ट. मी छत्री नेली होती. शिड्यांवर दोन्ही हात लागतात आणि १६४६ मीटरवर वारा छत्रीचं काय करतो ते सांगायला नको. सॅकला रेनकव्हर होतं, तरी पाणी पाठीच्या बाजूने आत गेलं. आता सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी आणि सगळं सामान त्या पिशवीत. पाच रुपयांचं काम.

*

बायकांचं कुणीतरी लिहायलाच हवं. मार्चमध्ये लोहगड-विसापूर एका दिवसात केलं. ग्रुपमध्ये बारा पुरुष, आम्ही दोघी. आडोसा मिळणार नाही म्हणून मी मुद्दाम पाणीच पीत नव्हते. विसापूरच्या पठारावर डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. माझ्या सॅकमध्ये दोन लिटर पाणी जसंच्या तसं होतं! पाणी नेलं होतं, प्यायले नव्हते.

आता जुनी, गडद, मोठी सुती ओढणी नेते. दोघींनी धरली की आडोसा, डोक्यावर घेतली की ऊन लागत नाही, आणि एकदा मैत्रिणीचा हात तिच्यात गळ्यात बांधून खाली आणलाय. तारीख लांब असली तरी पॅड असतातच, सोबत वर्तमानपत्र आणि झिपची पिशवी. वापरलेलं गडावर टाकायचं नाही, परत आणायचं. ग्रुप नेणाऱ्या दादांनो, दर दोन तासांनी 'पुरुषमंडळी पुढे चला' एवढं म्हणालात तरी पुष्कळ.

*

मी नर्स आहे, म्हणून थोडं टोचते. ओआरएसचं मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. ते एक लिटरसाठी असतं. घट्ट केलं तर फायदा सोडाच, उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा. आणि सॅकमधलं ते ब्लेड काढून टाका. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. हातापायाची हालचाल बंद, माणसाला उचलून खाली आणा, १०८ ला फोन. क्रेप बँडेज मात्र दोन असू द्या. स्वतःची रोजची गोळी, दम्याचा पंप, इन्सुलिन घेत असाल तर साखर, हे दुसऱ्याच्या सॅकमध्ये नको.

*

सिअ‍ॅटलहून लिहितेय. इथल्या 'द माउंटेनियर्स' या संस्थेने १९३०च्या दशकात दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, ती इथे अजून सगळ्यांच्या तोंडी असते. त्यात जादा कपडे आहेत. जुलैत माउंट साय चढताना मी जाड जॅकेट घेतलं तर नवरा हसला, 'हिमालयात चाललीस का?' उतरताना त्याचाच पाय मुरगळला. दोन तास एका जागी बसून होतो. चालताना घामाघूम झालेला माणूस बसल्यावर किती लवकर कुडकुडतो ते तेव्हा पाहिलं. जॅकेट अर्थात त्यानेच घातलं. त्या यादीत काडेपेटीही आहे. पण सह्याद्रीत गवत वाळल्यावर ती खिशातच राहू द्या.

*

काडेपेटीवरून आठवलं. धूर आणि भपकारा मारणारं अत्तर, आग्या मोहोळाला दोन्ही चालत नाही. आमच्या पुढच्या ग्रुपला पळताना पाहिलंय. डिओ घरी ठेवा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

*

आमचं गाव गडाच्या पायथ्याला. आम्ही जेवणाच्या ऑर्डरी घेतो. शहरातली पोरं अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन येतात आणि विचारतात, वर टाकं आहे ना? टाकं आहे, पण उन्हाळ्यात त्यातलं पाणी बघून या एकदा. माणशी तीन लिटर न्या.

मागं दोघांची मोटारसायकल रात्री आठलाही आमच्या अंगणात उभी. फोन लागेना. मी आणि चुलतभाऊ बॅटरी घेऊन निघालो. पोरं पलीकडच्या घळीत उतरून बसली होती, खाली कडा. गाडी अंगणात लावली म्हणून कळलं. रस्त्यावर लावली असती तर आम्हाला पत्ताच नसता. जाताना एका घराला सांगा, किती जण, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत. सॅकमध्ये याचं वजन होत नाही.

*

माझ्या लेकीला, वय वर्षं सात, लोणावळ्याहून राजमाचीला जाताना गळ्यात शिट्टी अडकवली. खूण शिकवली : मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन ऐकू येतात. हा संकेत मूळचा आल्प्समधला, सगळीकडे हाच चालतो असं नाही. तिने उधेवाडी येईपर्यंत शिकलेलं सगळं करून दाखवलं. गावात एक आजी बाहेर येऊन म्हणाल्या, 'कोण हरवलंय गं?'

शिट्टी काढून घेतली, म्हटलं हरवलीस की देईन. तर म्हणते, 'बाबा, हरवल्यावर तू कुठे असशील?' गपचूप परत गळ्यात घातली.