आईचे उपवास, मधपाणी आणि न हलणारा काटा

शेवंती:
आई ५४ वर्षांची, उंची पाच फूट, वजन ६८ किलो. मागच्या तपासणीत साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. तिनं फार मनावर घेतलंय. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, भात बंद, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, सोमवार आणि एकादशीला उपवास (साबुदाण्याची खिचडी नाहीतर वडे). पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं, मग काटा तिथंच. आता भिशीतल्या मैत्रिणीनं पोटाला बांधायचा घामाचा पट्टा सुचवलाय. ती रडवेली झालीये. नेमकं कुठं अडतंय? बाबा तेच खाऊन सडपातळ आहेत, त्याचंही तिला वाईट वाटतं.

केळफूल:
मी आहारतज्ज्ञ आहे. आईंना आधी एवढं सांगा, की त्यांचा निश्चय कुठंही कमी पडलेला नाही.

पहिल्या आठवड्यातलं दीड किलो बहुतेक पाणी होतं. शरीर साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (यकृतात-स्नायूंत साठवलेली साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी एकदम तोडली की ते आधी जातं. पट्ट्याचंही तेच, घाम जातो आणि दोन पेले पाणी प्यायलं की वजन परत येतं. पोटाला पट्टा बांधून पोटाचीच चरबी काढता येत नाही.

मधानं चरबी जळत नाही. चमचाभर मधात वीसेक कॅलरी असतात, आणि साखर सीमारेषेवर असताना तो हवाच कशाला? लिंबूपाणी आवडत असेल तर मधाशिवाय प्या.

उपवासाकडे मात्र नीट बघा. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरती. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि मोठा चमचा तूप धरलं तरी पावणेपाचशेच्या आसपास कॅलरी होतात, बटाटा वेगळा. वडे तर तळलेले. उपवास त्यांच्या श्रद्धेचा आहे, तो मोडायला अजिबात सांगू नका. ताट बदला: राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक, थोडी दाण्याची आमटी. भगर चालेल, पण वाटीभरच. गोळ्या सुरू झाल्या तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

भाकरी चांगलीच, पण तेवढ्याच वजनाच्या ज्वारी आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्या असतात. पोळ्या दोन आणि भाकऱ्या तीन झाल्या, तर उलट वाढल्याच. भातही पूर्ण बंद नको, वाटीनं मोजून घ्या आणि डाळ-उसळ वाढवा.

आणि एक विचारते, घरात महिन्याला तेल किती लागतं?

शेवंती:
चार माणसं, पाच लिटरचा डबा बरोबर महिनाभर पुरतो.

केळफूल:
म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम, साधारण ३४० कॅलरी फक्त तेलाच्या. डबा तीन लिटरवर आणलात तर प्रत्येकाच्या रोजच्या १३० ते १४० कॅलरी कमी होतील, आईंचं ताट वेगळं न काढता. बाटलीतून धार धरण्याऐवजी भाजीला चमच्यानं मोजून तेल घालायचं. माझ्याकडे येणाऱ्या बायका स्वतःचा घास तोडतात आणि घरच्यांसाठी तसंच तळत राहतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

गवतीचहा:
बाबांबद्दल लिहितो. सडपातळ म्हणजे निर्धास्त, हा समज आपल्याकडे खूप आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे मांडले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाबांच्या कंबरेला टेप लावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढं गेलं, तर वजन कमी असलं तरी साखर तपासावी.

शेवंती:
आत्ताच मोजलं. बाबांची कंबर ९४! आईची ९६. आईनं विचारलंय, चालायला किती वेळ आणि कधी? रिकाम्या पोटीच चालावं लागतं का?

केळफूल:
रिकाम्या पोटाची अट नाही. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, जमेल त्या वेळी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दोघांनी मिळून चाललं तर साखरेलाही फायदा होतो. बाबांची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) याच महिन्यात करून घ्या. आईंचा काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी बघा. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर ते उत्तम.